आजीचा चष्मा आणि डोळ्यातली पिशवी

सोलापूरच्या घरात आजीचा जाड भिंगांचा चष्मा अजून आहे. तो लावला की तिचे डोळे बशीएवढे दिसायचे, काढला की तिला उंबरासुद्धा दिसायचा नाही. मागच्या वर्षी आईचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन दिवसांत बाई चष्म्याशिवाय समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागली!

फरक एका पापुद्र्याचा. डोळ्यातल्या भिंगाभोवती पारदर्शक पिशवी असते. आजीच्या वेळी डॉक्टर ती भिंगासकट काढत. मग नवं भिंग टेकवायचं कशावर? लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी १९४९ साली कृत्रिम भिंग बसवलं ते पिशवीची मागची बाजू शाबूत ठेवून. ती जेमतेम चार मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. आपल्याकडे हे सर्रास व्हायला चाळीसेक वर्षं गेली.

एवढासा पापुद्रा भार पेलतो कसा? हा 'बेसमेंट मेम्ब्रेन'चा प्रकार, पेशी बसतात ती सतरंजी म्हणा ना. तिचं मुख्य सूत कोलॅजेन नावाचं प्रथिन. त्याची तीन पेडांची वेणी उलगडली मद्रासमध्ये, १९५४-५५ साली, जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी. नमुना कांगारूच्या शेपटीतला! नियम असा, की पेडातला दर तिसरा मणी ग्लायसिन, सगळ्यांत लहान. वेणीच्या आत मोठ्याला जागाच नाही.

पण तो झाला स्नायुबंधाचा दोर. १९६६ साली निकोलस केफालिडेस यांना कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पापुद्र्यात वेगळंच कोलॅजेन सापडलं. पुढे त्याला चौथा प्रकार म्हणू लागले. भिंगाच्या पिशवीतही हेच. ते ग्लायसिनचा नियम वीसहून अधिक ठिकाणी मोडतं, म्हणून तिथे लवतं. एका टोकाला दोन-दोन, दुसऱ्या टोकाला चार-चार रेणू जोडले जातात आणि दोराऐवजी जाळं होतं. आम्हा चादरीच्या गावच्या माणसांना हे पटकन कळतं.

सूत एकच, म्हणून खोटही एकच. आल्पोर्ट यांनी १९२७ साली मूत्रपिंडाचा आजार आणि बहिरेपण एकत्र येणाऱ्या एका कुटुंबाबद्दल लिहिलं. या आजाराच्या काही रुग्णांत पिशवी कमकुवत होऊन भिंग पुढे फुगतं. दोष याच कोलॅजेनच्या जनुकात, हे १९९० साली कळलं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सासूबाईंचं चांगलं होतं तेही काढलं म्हणायचं."

तसं नाही गं. पिशवी ठेवली तर ती पुढे गढूळ व्हायची, आणि ती साफ करणारा लेझर तेव्हा होता कुठे? शिबिरातल्या डॉक्टरांनी पुन्हा टेबलावर घ्यावं लागू नये म्हणूनच ती काढली.

आईने चष्मा पदराने पुसला आणि परत कपाटात ठेवला.