आखाड्यातला निवेदक आणि पडद्यावरचा तज्ज्ञ

पलूस तालुक्यातील कुंडलच्या कुस्ती मैदानात अगदी मागच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला आखाड्यातले दोन पैलवान हाताच्या बोटाएवढे दिसतात. कोणाचा हात कोणाच्या मांडीत गेला, हे तेथून कळणे शक्य नसते. तरीही डाव लागताच सारे मैदान एकाच वेळी उठून उभे राहते, याचे श्रेय ध्वनिक्षेपकावरील निवेदकाला द्यावे लागते. खडाखडी चालू असताना तो पैलवानाचे गाव, तालीम आणि वस्ताद सांगून घेतो. पकड झाली की मात्र त्याची वाक्ये आखूड होतात. ‘एकेरी पट काढला, ताबा घेतला, घिस्सा मारतोय’, एवढेच. कोल्हापूर जिल्ह्यातील कोथळीचे शंकर पुजारी यांनी हे काम अनेक वर्षे केले आणि सातारा-सांगली पट्ट्यातील यात्रांच्या मैदानांना त्यांचा आवाज परिचयाचा झाला.

याच गावांतून रात्री दूरचित्रवाणीवर फुटबॉलचे सामने पाहिले जातात. मिरजेत फुटबॉलची हौस जुनी आहे, पाचगणीच्या निवासी शाळांत हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि कोल्हापूर तर तासाभराच्या अंतरावर. पडद्यावर चेंडू स्वच्छ दिसतो, गोल चार कोनांतून पुन्हा दाखविला जातो आणि सोबत दोन-तीन माजी खेळाडू तज्ज्ञ म्हणून बसलेले असतात. एवढ्या सरंजामानंतरही प्रेक्षकाच्या पदरात पुष्कळदा ‘काय हा गोल!’ यापलीकडे काही पडत नाही. मिरजेतील एका चहाच्या दुकानात विश्वचषकाचे सामने आवाज बंद करून पाहणारी मंडळी प्रस्तुत प्रतिनिधीने पाहिली आहेत. त्यांचे म्हणणे असे, की आपसांतील चर्चाच अधिक बरी.

या दोन अनुभवांतील तफावत समजून घेण्यासाठी समालोचन या प्रकाराचा पूर्वेतिहास पाहावा लागतो. फुटबॉल सामन्याचे नभोवाणीवरील पहिले धावते वर्णन बीबीसीने २२ जानेवारी १९२७ रोजी केले. लंडनच्या हायबरी मैदानावर आर्सेनल आणि शेफिल्ड युनायटेड यांच्यात तो सामना झाला. श्रोत्यांना चेंडू कोठे आहे हे कळावे म्हणून मैदानाचे चौकोनांत विभागलेले चित्र ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापण्यात आले होते. टेडी वेकलम वर्णन करीत आणि दुसरा एक आवाज मध्येच चौकोनाचा क्रमांक सांगे. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, हे गृहीत धरूनच सारी रचना केलेली होती.

दूरचित्रवाणी आली आणि वर्णनाची निम्मी गरज संपली. उरलेली जागा भरण्यासाठी तज्ज्ञ आला. १९७०च्या विश्वचषकात ब्रिटनच्या आयटीव्हीने माल्कम अ‍ॅलिसन, डेरेक डूगन, पॅट क्रेरँड आणि बॉब मॅकनॅब या चौघांना स्टुडिओत बसविले. ते एकमेकांशी भांडत, थट्टा करीत, आणि लोकांना ते आवडले. आज जगभर दिसणारे चर्चेचे कोंडाळे त्या प्रयोगाचे वंशज म्हणावे लागेल. म्हणजे तज्ज्ञाचा जन्मच मुळी रंजनातून झाला. विश्लेषण मागाहून आले. १९९२ नंतर स्काय वाहिनीवर अँडी ग्रे यांनी पडद्यावर रेषा ओढून खेळाडूंच्या हालचाली समजावण्यास सुरुवात केली, तेव्हा या कामाला खरे गांभीर्य आले. आपल्याकडे केबलवरून ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्स पाहिलेल्या पिढीला जॉन डाइक्स, स्टीव्ह मॅकमॅहन आणि शेबी सिंग ही नावे अद्याप आठवत असतील. भारतीय फुटबॉलपुरते बोलायचे तर दिल्लीचे नोव्ही कपाडिया यांचा दर्जा निराळा होता. इंग्रजीचे प्राध्यापक असलेले कपाडिया २०२१ मध्ये निवर्तले. एखाद्या सामन्याचा धागा ते तीस-चाळीस वर्षे मागे नेऊन जोडत, आणि तोही कागद न पाहता.

तज्ज्ञाने नेमके काय करावे, यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी लुसैल येथे सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे हरविले. मेस्सीने दहाव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. त्यानंतर पूर्वार्धातच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड ठरले. नशीब रुसले, तंत्रज्ञानाने घात केला, असे त्यावर सहज म्हणता येते. परंतु त्यामागे प्रशिक्षक हर्व्हे रेनार यांची योजना होती. सौदीची बचावफळी स्वतःच्या गोलपासून धोकादायक वाटावे इतकी पुढे, जवळजवळ मध्यरेषेच्या आसपास उभी होती. त्यामुळे मागे मोठे मोकळे रान दिसे, त्या मोहाने आघाडीपटू क्षणभर आधी धावत आणि सापळ्यात अडकत. हे एकदा सांगितले, की प्रेक्षकाचे लक्ष चेंडूवरून उठून त्या चार बचावपटूंच्या रांगेकडे जाते आणि पुढचा सामना तो निराळ्या डोळ्यांनी पाहतो. ते न सांगता चौथ्यांदा मेस्सीचा चेहरा दाखविला जातो.

फुटबॉलच्या चर्चेतील दोष मोजायला बसलो तर यादी लांबेल. सर्वांत मोठा दोष म्हणजे निकालावरून कारण शोधणे. जिंकलेला संघ जिद्दीचा, हरलेला संघ दबावाखाली कोसळलेला. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला असता तर विशेषणांची फक्त अदलाबदल झाली असती. आकड्यांचेही तेच. चेंडूवरील ताब्याची टक्केवारी पडद्यावर झळकते, पण तो ताबा स्वतःच्या अर्ध्यात होता की प्रतिस्पर्ध्याच्या गोलसमोर, हे कोणी सांगत नाही. शिवाय माजी खेळाडूला जुन्या सहकाऱ्याविषयी कठोर बोलणे जड जाते, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. आरडाओरड्याविषयी मात्र आमचे मत थोडे वेगळे आहे. मल्याळम समालोचक शैजू दामोदरन गोल झाल्यावर जिवाच्या आकांताने ओरडतात. तरी केरळात ते लाडके आहेत, कारण त्या ओरडण्याला तिथल्या बोलीचा ठसका आहे.

येथेच भाषेचा प्रश्न येतो. बंगालीत अजय बसू आणि पुष्पेन सरकार यांनी आकाशवाणीवरून फुटबॉल घराघरांत नेला. मराठीत असे काम क्रिकेटसाठी बाळ ज. पंडित यांनी केले. खेळाचे वर्णन मराठीत कृत्रिम न वाटता करता येते, हे त्यांनी दाखवून दिले. २०२३च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने बारा भाषांत समालोचन दिले, त्यात मराठी होती. (केदार जाधव तेथे समालोचन करीत असतानाच बंगळुरूच्या संघाने त्यांना खेळायला बोलावून घेतले, हा योगही विरळाच.) मात्र त्याच्या काही महिने आधी झालेल्या फुटबॉल विश्वचषकात याच मंचावर इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगाली एवढ्याच भाषा होत्या. मराठी प्रेक्षक फुटबॉल पाहत नाही, असा समज त्यामागे असेल तर तो कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एक दिवस घालवल्यास दूर होईल. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही तेथील फुटबॉल संघांची नावे आहेत. ज्या तालमींनी पैलवान घडविले, त्यांच्याच नावाने अकरा जण चेंडूमागे धावतात. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

तेव्हा फुटबॉलच्या मराठी समालोचनाला बाहेरून नमुना आणण्याची गरज नाही. आखाड्यातला निवेदक आहेच. तथापि त्याचेही सारे आलबेल आहे असे नाही. मोठ्या मैदानात देणगीदार, आजी-माजी पदाधिकारी आणि नुकतेच आलेले पाहुणे यांची नावे घेण्यात बराच वेळ जातो. ऐन पकडीच्या वेळी कोणाचा तरी फेटा बांधून सत्कार चालू असतो आणि डाव कोणता लागला, हे अनुत्तरितच राहते. यापेक्षा गंभीर अडचण नियमांची आहे. मातीतल्या निकाली कुस्तीत पाठ लागली की प्रश्न मिटला. तो सर्वांना दिसतो. गुणांवरील कुस्तीत मात्र ताबा घेतल्यास दोन गुण, आणि उभ्या प्रतिस्पर्ध्याला थेट धोक्याच्या स्थितीत फेकल्यास चार. धोक्याची स्थिती म्हणजे पाठीचा जमिनीशी होणारा कोन नव्वद अंशांपेक्षा कमी असणे. हा फरक पंचालाही क्षणार्धात ठरवावा लागतो.

एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याच्या छत्रपती शाहू क्रीडा संकुलात झालेल्या महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज पाटीलने विशाल बनकरवर ५-४ अशी मात केली. एका गुणाचे अंतर, पण निकाल निर्विवाद राहिला. पुढच्या जानेवारीत पुण्यात तसे घडले नाही. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरील टांगेवर महेंद्रला चार गुण मिळाले आणि त्यावरून समाजमाध्यमांत रण माजले. चार की दोन, याचे उत्तर पाठीच्या कोनात होते. चर्चा मात्र कटकारस्थान आणि जातिधर्मापर्यंत पोहोचली. पंचांना धमकीचा दूरध्वनी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ यांच्या लढतीनंतर राक्षेने पंचांना लाथ मारली. दोन्ही खांदे टेकले होते की नाही, यावर लोक मोबाइलवरील चित्रफीत थांबवून थांबवून वाद घालीत होते. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. नियम सांगणारा विश्वासू आवाज त्या क्षणी असता तर पैलवानाचा राग आवरला असता, असा दावा आम्ही करणार नाही. लाखो घरांतून पंचावर झालेली चिखलफेक मात्र खात्रीने कमी झाली असती.

नियम ठाऊक असल्याचा तोरा आणि नियम ठाऊक असणे यांतील अंतरही ध्यानात ठेवावे लागेल. पूर्वी उल्लेखिलेले अँडी ग्रे यांची कारकीर्द स्कायवर जानेवारी २०११ मध्ये संपली. महिला साहाय्यक पंच शॅन मॅसी यांना ऑफसाइडचा नियम कोणी तरी समजावायला हवा, अशी शेरेबाजी ध्वनिक्षेपक बंद आहे असे समजून त्यांनी व रिचर्ड कीज यांनी केली. त्या सामन्यात मॅसी यांचा ऑफसाइडबाबतचा निर्णय अचूक ठरला. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने वैष्णवी पाटीलला नमवून गदा पटकावली. मुलींच्या कुस्त्यांचे वर्णन करताना आईवडिलांचे कष्ट आणि ‘लेकीं’चे कौतुक यांतच निवेदक रमतात. कौतुक जरूर व्हावे. पण पट मुलीने काढला तरी त्याचे नाव पटच असते, तेही सांगावे.

आता गावोगावची मैदाने यूट्यूबवर थेट दिसतात. निवेदकाचा तोच ध्वनी पुण्या-मुंबईतच नव्हे, तर दुबईत बसलेल्या खानापूर-आटपाडीच्या माणसापर्यंत जातो. त्या माणसाला पडद्यावर डाव दुसऱ्यांदा, संथ गतीने पाहता येतो. निवेदकासमोर पुष्कळदा पडदाच नसतो. तो आखाड्याच्या कडेला उभा राहून एकदाच पाहतो आणि बोलून मोकळा होतो. त्याच्या टेबलावर देणगीदारांच्या यादीशेजारी एक छोटा पडदा आणि गुणांच्या नियमांची एक प्रत ठेवायला संयोजकांना फारसा खर्च येणार नाही.