जुन्या वूफरची घडण : ओळख व कालनिर्णय

नवी मुंबई हे नगर वयाने लहान आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे खाडीच्या पूर्वेकडील गावांच्या भूमीवर नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या. त्यामुळे ह्या नगरात आज एखादा १९४० किंवा १९५० च्या सुमाराचा ध्वनिवर्धक आढळला, तर तो येथे बहुधा बाहेरून आलेला असतो. मुंबईतील बिऱ्हाड मोडताना, एखादे चित्रपटगृह बंद पडताना किंवा दुरुस्तीचे दुकान आवरताना तो हलतो आणि खाडी ओलांडून भंगाराच्या मार्गास लागतो. भंगारात वस्तूचे मोल वजनावर ठरते : लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम. वस्तू कोठली, केव्हाची व कोणत्या घडणीची, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. तो विचारला जाण्यापूर्वीच पुष्कळ साधने वितळून जातात. म्हणून अशा वस्तूची ओळख कशी पटवावी, याचा पद्धतशीर विचार होणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात खालच्या पट्टीचा ध्वनी देणाऱ्या ध्वनिवर्धकाचा, म्हणजे वूफरचा, तेवढाच विचार केला आहे.

१. संज्ञाविचार

ध्वनिवर्धकासाठी मराठीत प्रथम रुळलेले शब्द ‘कर्णा’ व ‘भोंगा’ हे होत. ‘कर्णा’ हा शब्द ऐकताच संस्कृत ‘कर्ण’ आठवतो. परंतु त्याचा संबंध फारसीतील ‘कर्ना’ ह्या तुतारीसारख्या वाद्याच्या नावाशी आहे. ‘भोंगा’ हा ध्वन्यनुकारी शब्द. ‘वूफर’ हाही त्याच जातीचा आहे. इंग्रजीत कुत्र्याच्या जाड भुंकण्याचे अनुकरण करणाऱ्या शब्दापासून तो १९३० नंतरच्या दशकात बनला, आणि पक्ष्याच्या किलबिलीवरून बनलेला ‘ट्वीटर’ त्याचा जोडीदार ठरला. तारसप्तकाचा व खर्जाचा ध्वनी दोन निराळ्या साधनांकडे सोपविण्याची प्रथा रूढ झाली, तेव्हाच ह्या जोडनावाची गरज पडली. त्यापूर्वीच्या ध्वनिवर्धकास ‘वूफर’ म्हणणे हा कालविपर्यास होय.

कारागिरांच्या बोलीतील शब्दही साक्ष देतात. कागदी शंकूला दुकानात ‘कोन’ म्हणतात. मराठी ‘कोन’ व इंग्रजी ‘कोन’ असे दोन भिन्न शब्द येथे एकाच उच्चारात भेटतात. ‘स्पायडर’ हा शब्द अधिक बोलका आहे. आज ज्याला स्पायडर म्हणतात, ती वळ्या पाडलेल्या कापडाची वाटोळी चकती असते; तिला कोळ्याचे पाय कोठेही नसतात. परंतु आरंभीच्या ध्वनिवर्धकांत वेटोळे मध्यभागी धरून ठेवण्यासाठी बेकलाइटसारख्या पदार्थाचा पातळ तुकडा पायांच्या आकारात कापून बसविला जाई. घडण बदलली, नाव टिकले. झाडाच्या पानावरील लेखन गेले आणि तरी ‘पत्र’ हा शब्द कागदावर टिकला, तसाच हा प्रकार आहे. तेव्हा असा पाय असलेला स्पायडर दिसला, आणि विशेषतः तो शंकूच्या पुढील बाजूस मधोमध स्क्रूने बसविलेला असला, तर वस्तू बहुधा पहिल्या पिढीतील आहे असे समजावे.

२. मूळ रचना

चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे हालते ठेवण्याची कल्पना एर्न्स्ट सीमेन्स यांच्या १८७४ च्या पेटंटात आढळते. १८९८ मध्ये ऑलिव्हर लॉज यांनी तीच वाट पुढे नेली. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात तिचा प्रत्यक्ष उपयोग करून दाखविला. परंतु आजच्या वूफरचा खरा पूर्वज म्हणजे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली रचना. कडेला मऊ आधार असलेला कागदी शंकू, त्याच्या टोकाला वेटोळे आणि ते वेटोळे चुंबकाच्या अरुंद वर्तुळाकार फटीत, असे तिचे स्वरूप होते. आज शंभर वर्षे लोटली तरी मूळ आराखडा तोच आहे. बदलत गेली ती द्रव्ये. आणि म्हणूनच कालनिर्णय द्रव्यांवरून करावा लागतो.

मुंबईच्या दृष्टीने हा काळ महत्त्वाचा आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ दाखविला गेला. घरातील रेडिओ व चित्रपटगृहाचा पडदा, ह्या दोन्ही मार्गांनी नवा ध्वनिवर्धक ह्या शहरात आला.

३. चुंबकाचे तीन थर

भूस्तरशास्त्रज्ञ जसे थर मोजतो, तसे वूफरच्या चुंबकाचे तीन थर मोजता येतात.

पहिला थर विद्युच्चुंबकाचा. त्या काळी पुरेसे बलवान कायम चुंबक स्वस्तात मिळत नसत. म्हणून लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेचे मोठे वेटोळे घालून, त्यातून वीज सोडून चुंबकत्व निर्माण करीत. अशा ध्वनिवर्धकास ध्वनीच्या दोन तारांखेरीज आणखी दोन तारा असतात. मागील भांडे जड व फुगीर असते. व्हॉल्व्हच्या रेडिओत हेच वेटोळे वीजपुरवठ्यातील घरघर गाळण्याचेही काम करी. येथेच एक मोठा घात होतो. रेडिओपासून वेगळा झालेला असा ध्वनिवर्धक आजच्या यंत्राला जोडला, तर चुंबकत्वाच्या अभावी तो जवळजवळ मुका राहतो. ‘कॉइल गेली’ असा निर्णय होतो आणि सुस्थितीतील वस्तू तांब्याच्या भावाने विकली जाते. जादा दोन तारांमधील रोध मोजला असता तो सामान्यतः काही शे ते काही हजार ओहम भरतो; एवढी एक मोजणी ती वस्तू वाचवू शकते. मात्र ह्या वेटोळ्यास लागणारा दाब प्राणघातक असू शकतो. म्हणून ते चालवून पाहण्याचे काम जाणकारानेच करावे.

दुसरा थर ॲल्निकोचा. १९३१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ मिशिमा यांनी लोह, निकेल व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचा शोध लावला. पुढे त्यात कोबाल्टची भर पडून १९४० च्या सुमारास फार बलवान चुंबक हाती आले. ह्या चुंबकाचा आकार बहुधा उंच व अरुंद असतो आणि तो लोखंडी भांड्याच्या किंवा कमानीच्या आत बसविलेला असतो. बंद भांड्याच्या बाहेरील अंगास लोखंडी पेचकस लावला, तर तो फारसा चिकटत नाही. कारण चुंबकरेषा भांड्यातच फिरतात. ‘पी. एम.’, म्हणजे कायम चुंबकाचा, अशी अक्षरे पट्टीवर असल्यास तीही उपयोगी पडतात. विद्युच्चुंबकाचे ध्वनिवर्धक अजून प्रचारात होते, तेव्हाच हा भेद सांगण्यात अर्थ होता. सगळेच कायम चुंबकाचे झाल्यावर ते विशेषण निरर्थक झाले.

तिसरा थर फेराइटचा. १९५२ मध्ये फिलिप्सने ‘फेरॉक्सड्यूर’ नावाने बेरियम फेराइट पुढे आणले. हे चिनी मातीसारखे ठिसूळ, काळसर रंगाचे असते. त्याचे चपटे, रुंद कडे दोन लोखंडी तबकड्यांमध्ये दाबून बसविलेले उघड्या डोळ्यांनी दिसते. त्याच्या कडेला पेचकस झटकन ओढला जातो. फेराइट स्वस्त होते. तरी उत्तम दर्जाच्या वूफरमध्ये ॲल्निको पुष्कळ काळ टिकले. १९७८ मध्ये झाईरच्या शाबा प्रांतातील युद्धामुळे कोबाल्टचा भाव भडकला आणि अनेक नामांकित कारखान्यांनी ॲल्निको सोडले. आफ्रिकेतील खाणीची अशांतता मुंबईतील कपाटाएवढ्या पेटीत अशी वाचता येते.

तथापि येथे सावधगिरी हवी. नवे द्रव्य आले म्हणजे जुने त्याच दिवशी संपत नाही. फेराइट आढळल्यास ‘१९५२ पूर्वीचे नव्हे’ एवढे निश्चयाने म्हणता येते. ॲल्निको आढळल्यास ‘१९५२ पूर्वीचेच’ असे म्हणता येत नाही. भाषेच्या इतिहासातही उशिराचे रूप पूर्वसीमा ठरवते. जुने रूप उत्तरसीमा ठरवीत नाही.

४. शंकू, कडा व वेटोळे

चुंबकानंतर शंकू. जुना शंकू कागदाचा असतो. तो लगद्यापासून साच्यात एकसंध बनविलेला आहे की कापलेला कागद गुंडाळून सांधलेला आहे, हे उजेडासमोर धरून शिवण शोधल्यास कळते. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये बेक्स्ट्रीन हे प्लॅस्टिक, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिप्रोपिलीन, शंकूसाठी वापरात आले.

कडेचा आधार तितकाच सांगून जातो. सर्वांत साधी रीत म्हणजे शंकूच्याच कागदाला वळ्या पाडणे. त्याहून टिकाऊ म्हणजे लेप दिलेले कापड. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये हवाबंद लहान पेटीतील वूफरची कल्पना मांडली. तीत पेटीतील कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करते. म्हणून कडा अतिशय मऊ व वेटोळे लांब असावे लागते. त्यानंतर फोम व रबर यांच्या अर्धगोल कडा वाढत गेल्या. दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू समतोल दाबला असता जो जेमतेम हलतो, तो जुन्या, मोठ्या पेटीच्या परंपरेतील. जो खोलवर जातो, तो बहुधा व्हिल्चरनंतरचा.

वेटोळ्याचा रोध मोजताना मीटरवरील आकडा नाममात्र आकड्याहून थोडा कमी येतो : आठ ओहमचा वूफर साधारण सहा-सात दाखवतो. पंधरा ओहम ही इंग्रजी कारखान्यांची आवडती संख्या होती. फिलिप्सने एका काळात ८०० ओहमचेही ध्वनिवर्धक केले, कारण त्यांच्या काही रेडिओत मधला ट्रान्सफॉर्मर गाळला होता. हा आकडा पाहून वेटोळे बिघडले असे मानणे चूक ठरेल.

५. छापील अंक

अमेरिकी वूफरच्या सांगाड्यावर अनेकदा एक संख्या छापलेली असते. समजा ती २२०६३२ आहे. पहिले तीन अंक कारखान्याचे : २२० म्हणजे जेन्सन, ३२८ म्हणजे यूटा, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड. शेवटचे दोन अंक आठवड्याचे, म्हणजे बत्तिसावा. मधला ६ हा वर्षाचा शेवटचा अंक; आणि अडचण तेथेच आहे. तो १९४६, १९५६ की १९६६?

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. एखाद्या लेखात शक न देता केवळ संवत्सराचे नाव दिलेले असते. ते नाव साठ वर्षांनी पुन्हा येते. तेथे लिपीचे वळण, भाषेची रूपे व उल्लेखिलेल्या व्यक्ती यांवरून नेमके आवर्तन ठरवावे लागते. येथेही तेच करावयाचे. चुंबक फेराइटचा असेल तर १९४६ बाद होते. मूळची फोमची कडा असेल तर १९६६ चा पक्ष बळावतो. अंक एकटा पुरेसा नसतो आणि द्रव्यही एकटे पुरेसे नसते. दोहोंचा मेळ बसला म्हणजे निर्णय होतो. युरोपीय व भारतीय वस्तूंना मात्र ही अमेरिकी अंकपद्धती लावू नये.

६. प्रक्षेपाचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन वस्तू मूळ स्वरूपात आहे असे गृहीत धरते. प्रत्यक्षात तशी ती क्वचितच असते. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात परकीय चलनाची टंचाई झाली, आयातीवर कडक बंधने आली आणि ती १९९१ पर्यंत कमी-अधिक प्रमाणात राहिली. फाटलेल्या परदेशी वूफरला तसाच सुटा शंकू मिळणे दुर्घट होते. मुंबईच्या दुकानांतून कारागिरांनी हाती असलेला कागद, कापड व तार घेऊन तो पुन्हा उभा केला. नवी मुंबईच्या उत्तरेस लागून असलेल्या ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता. अशा देशी उद्योगामुळे सुटे भाग व ते जाणणारे हात ह्या परिसरात होतेच. त्यात खाडीकाठच्या हवेची भर. जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणा कागदावर बुरशी आणतो, खारे वारे लोखंड गंजवतात, आणि फोमची कडा तर काही वर्षांतच चिकट होऊन बोटाला भुकटीसारखी लागते. म्हणून येथे मूळची फोमची कडा शाबूत दिसली, तर प्रथम संशय घ्यावा.

ह्या स्थितीत वूफर ही एक हस्तलिखित पोथी समजून तिची चिकित्सा करावी लागते. सांगाडा व चुंबक ही बहुधा मूळ संहिता. शंकू, कडा व वेटोळे हे नंतरच्या लेखकांचे हात. ज्ञानेश्वरीची एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली प्रत आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून प्रसिद्ध केलेली प्रत यांच्याविषयी अभ्यासकांनी जो विचार केला, त्याचे मर्म हेच की, नंतरचा हात ओळखावा. परंतु तो नंतरचा म्हणून त्याज्य मानू नये. पुन्हा बसविलेल्या शंकूची खूण सापडते : सांगाड्याच्या कडेवर जुन्या सरसाचा थर व त्यावर निराळ्या रंगाचा नवा थर, मधल्या टोपीच्या कडेला हाताने फिरविलेली रेघ, जोडतारांच्या ठिकाणी नवे डाखकाम. ह्या खुणा परदेशी वस्तूच्या इतिहासात दोष असतील. मुंबईच्या कारागिरीच्या इतिहासात त्या मुख्य पुरावा आहेत, कारण त्या कारागिरांनी दुसरा कोणताच लेख मागे ठेवलेला नाही.

म्हणून दुरुस्तीपूर्वी नोंद हा नियम असावा. चुंबकाचा प्रकार, शंकूची शिवण, कडेचे द्रव्य, स्पायडरची जागा, रोधाचा आकडा, छापील अंक आणि सरसाचे थर, ह्या सात गोष्टी टिपण्यास अर्धा तास पुरतो. ॲल्निकोचे भांडे मात्र उघडू नये. गाभा वेगळा होताच त्याचे चुंबकत्व घटते आणि ते पुन्हा भरावे लागते. नोंद केल्यावर वूफर दुरुस्त करून वाजविण्यास कोणतीच हरकत नाही. तो वाजण्यासाठीच घडविला गेला होता. परंतु जुना शंकू एकदा खरवडून काढला म्हणजे त्याच्यावरील दोन्ही हात, परदेशी कारखान्याचा आणि मुंबईच्या कारागिराचा, एकदमच पुसले जातात.