बावड्याची पाटी आणि जे.जे.ची डिग्री

तर मंडळी, या वीकेंडला कोड बाजूला ठेवून जरा अक्षरांबद्दल बोलू.

"ग्राफिक डिझाइन म्हणजे फोटोशॉपच ना? ते तर घरबसल्या शिकता येतं. त्यासाठी चार वर्षं आणि डिग्री कशाला?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात तीनदा कानावर आला. एकदा ऑफिसात, एकदा लग्नाच्या पंगतीत आणि एकदा गगनबावड्याकडच्या एका काकांकडून. त्यांच्या मुलीला हेच शिकायचंय आणि घरच्यांना तिने कॉम्प्युटर घ्यावा असं वाटतंय. आता 'पोरगा आयटीत आहे' म्हटल्यावर अशा प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे असतातच, असा लोकांचा समज :-)

प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचं उत्तर फीच्या आकड्यात किंवा प्लेसमेंटच्या टक्केवारीत सापडत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. आणि गंमत म्हणजे गगनबावड्यापासूनच सुरुवात करता येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गगनबावडा म्हणजे कोल्हापूरच्या पश्चिमेला साधारण ५५ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला असलेलं तालुक्याचं गाव. तिथून पुढे करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट खाली कोकणात उतरतात. पावसाळ्यात धुकं असं की समोरच्या गाडीचे दिवेच फक्त दिसावेत.

आता त्या पावसात समोरून येणाऱ्या एसटीच्या पाटीचा विचार करा. पाटीवर 'गगनबावडा' लिहायचंय. या शब्दात ब आणि व जवळजवळ आहेत आणि दोन्हींचा आकार एकच. फरक काय, तर ब च्या पोटातली एक तिरकी रेघ. रंग जरा जाड लागला की ब चं पोट भरून जातं. रेघ जरा बारीक झाली की लांबून ब चा व होतो. दुसरी अडचण म्हणजे कोल्हापुरात 'कसबा बावडा' नावाचं उपनगर आहे. म्हणजे घाईत पाटी वाचणाऱ्याला 'बावडा' दिसून उपयोग नाही, आधी 'गगन' दिसलं पाहिजे. कुठलं अक्षर किती जाड, दोन अक्षरांत जागा किती, आधी काय वाचलं जावं, कुणी वाचायचंय, किती लांबून, कसल्या उजेडात... हे सगळे प्रश्न म्हणजेच ग्राफिक डिझाइन. फोटोशॉप यात अजून आलेलंच नाही.

हे प्रश्न बावड्याला नवीनही नाहीत. ही जहागीर रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची, म्हणून ते 'पंत अमात्य बावडेकर'. राजाराम महाराज १६८९ साली जिंजीकडे निघाले तेव्हा मागची जबाबदारी 'हुकूमतपनाह' म्हणून ज्यांच्यावर आली, तेच हे रामचंद्रपंत. १७१५ च्या सुमाराचं 'आज्ञापत्र' त्यांच्या नावावर आहे. त्या काळचा दफ्तरी कारभार मोडीत चाले आणि पोथ्या बाळबोधीत लिहिल्या जात. मोडी भरभर लिहिण्यासाठी, शक्यतो लेखणी न उचलता. बाळबोध सावकाश, स्वच्छ वाचण्यासाठी. एकच भाषा, पण काम वेगळं म्हणून अक्षर वेगळं. यालाच आज डिझाइनवाले 'यूज केस' म्हणतात.

मग छापखाना आला. छापायला बाळबोध सोयीची, मोडी अवघड. जुलै १९१७ मध्ये मुंबई इलाख्याच्या सरकारने कारभारातून मोडी काढून बाळबोध आणायचं ठरवलं. शतकानुशतकं चाललेली लिपी दोन पिढ्यांत वाचता न येण्याजोगी झाली. आज आपल्याच पणजोबांचे कागद दाखवायला मोडी वाचक शोधावा लागतो. हे तंत्रज्ञानाने केलं हे खरं, पण नव्या यंत्रात आपलं अक्षर कसं बसवायचं याचा विचार करणारी माणसं तेव्हा फारशी नव्हती हेही तितकंच खरं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १८९० हे साल घ्या. त्या वर्षी कोल्हापूरच्या कलेच्या इतिहासात दोन गोष्टी घडल्या. कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर मुंबईला जाऊन सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. आणि त्याच वर्षी ३ जूनला कोल्हापुरात बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म झाला. हेच पुढचे बाबूराव पेंटर. एकाने कॉलेज धरलं, दुसऱ्याने कारखाना. काकांच्या प्रश्नाचे दोन्ही पर्याय म्हणजे ही दोन माणसं.

बाबूरावांची शाळा अशी नव्हतीच. घराणं कारागिरांचं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. मग सिनेमाचं वेड लागलं, कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच बनवला आणि १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. आपल्या सिनेमांची पोस्टरंही बाबूराव स्वतः रंगवत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आज शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय सिनेपोस्टरांपैकी एक मानलं जातं. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल ही मंडळी याच कारखान्यात काम करता करता शिकली आणि १९२९ मध्ये कोल्हापुरातच त्यांनी 'प्रभात' काढली. प्रवेशपरीक्षा नाही, अभ्यासक्रम नाही, सर्टिफिकेट नाही. कोल्हापुरात 'पेंटर' हे आडनावासारखं लागतं, ते उगाच नाही.

धुरंधरांची गोष्ट उलटी. जे.जे.त शिकले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३० मध्ये संस्थेच्या संचालकपदावर बसणारे पहिले भारतीय ठरले. १९३१ ला बाहेर पडले. संस्थेतल्या त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी लिहिल्या, त्या पुस्तकाच्या नावातच 'एक्केचाळीस वर्षे' आहेत. पण ते नुसते राजवाड्यातली तैलचित्रं काढत बसले नाहीत. पिक्चर पोस्टकार्डं, पुस्तकातली चित्रं, जाहिराती, रेल्वेची पोस्टरं असं छापून घरोघर जाणारं काम त्यांनी भरपूर केलं. म्हणजे ग्राफिक डिझाइन ते करत होते, फक्त त्याला तसं नाव नव्हतं आणि त्यांच्या संस्थेत तो शिकायचा वेगळा विषयही नव्हता.

तो विषय आला १९३५ साली. १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे.जे.त कमर्शियल आर्टचा विभाग उघडला. गिरण्या, साबण, औषधं, सिनेमा, सगळ्यांना जाहिरात हवी होती. १९५८ मध्ये हा विभाग सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्ट म्हणून वेगळा झाला आणि व्ही. एन. आडारकर त्याचे पहिले अधिष्ठाता झाले. १९८१ मध्ये डिप्लोमाच्या जागी मुंबई विद्यापीठाची बीएफए पदवी आली. २०२३ मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पलीकडे पवईला आयआयटीत १९६९ मध्ये आयडीसी सुरू झालं होतं.

या नावांकडे जरा बघा. कमर्शियल आर्ट, मग अप्लाइड आर्ट म्हणजे उपयोजित कला, मग व्हिज्युअल कम्युनिकेशन. आधी प्रश्न होता 'विकायचं कसं', मग 'वापरायचं कशासाठी', मग 'पोचवायचं कुणाला'. नाव बदललं तसं शिकवणंही हाताकडून डोक्याकडे सरकलं.

आता तुम्ही म्हणाल, बाबूरावांचं कॉलेजवाचून काय अडलं? काहीच नाही. आणखीही नावं आहेत. कमल शेडगे टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात काम करत घडले, कला महाविद्यालयात नाही. आणि मराठी नाटकांच्या जाहिरातीतली त्यांची अक्षरं लोक नाटकाइतकीच लक्षात ठेवत. वसंत सरवटे तर आपल्यातलेच! जन्म कोल्हापूरचा, १९२७ चा. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं, नोकरी सिमेंट कंपनीत, आणि मराठी पुस्तकांतली कितीतरी उत्तम चित्रं त्यांच्या हातची.

पण या सगळ्यांना एक गोष्ट मिळाली होती, जी आज मिळत नाही: कारखाना. शेडग्यांना वर्तमानपत्राचा कला विभाग होता. शांतारामांना बाबूराव होते. चुकलं तर बाजूला बसलेला वडीलधारा सांगायचा, 'पुसून टाक, परत काढ'. ती साखळी तुटली. डीटीपी आलं आणि खिळे जुळवणारे गेले. २००० नंतर फ्लेक्स आला आणि बोर्ड रंगवणारे पेंटर गेले. चौकाचौकात भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यात बावीस चेहरे असतात आणि वाचण्यासारखं अक्षर एकही नसतं. आता एक ओळ टाइप केली की मशीन पोस्टर काढून देतं. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत हात तीनदा स्वस्त झाला: छापखान्याने, कॉम्प्युटरने, आता एआयने. दरवेळी उरलं काय? तर 'कुणासाठी, कुठे, का' हा प्रश्न. तो विचारायला शिकवणारी जागा पूर्वी कारखाना होती. आता बहुतेकांसाठी ती कॉलेज आहे. डिग्रीचं खरं मोल माझ्या मते एवढंच आहे आणि ते कमी नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण तुमच्या-माझ्या कॉम्प्युटरवरच सापडतं. र. कृ. जोशी. जे.जे.त शिकले, शिकवलं, 'उल्का'सारख्या जाहिरातसंस्थेत वर्षानुवर्षं काढली आणि १९८३ मध्ये आयडीसीत प्राध्यापक म्हणून आले. विंडोज २००० बरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांचा. पत्नीचं नाव त्यांनी त्याला दिलं. युनिकोड मराठीत इंटरनेटवर जे काही सुरुवातीला लिहिलं-वाचलं गेलं, त्यातलं बहुतेक याच अक्षरात. १९१७ मध्ये यंत्र आलं आणि मोडी गेली. २००० मध्ये नवं यंत्र आलं तेव्हा देवनागरी राहिली, कारण अक्षराचा अभ्यास केलेला माणूस यंत्राशेजारी बसला होता. हा फरक शिक्षणाने पडला.

काम अजून संपलेलं नाही. मराठी ल पाकळीचा, श गाठीचा. हिंदी वळण वेगळं. कॉम्प्युटरवर बरीच वर्षं हिंदी वळणच दिसायचं. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची वळणं नक्की केली. एकाच फाँटमध्ये दोन्ही वळणं ठेवायची सोय आता आहे, पण 'हा मजकूर मराठी आहे' असं पानाने सांगावं लागतं. म्हणजे एचटीएमएलमधला तो लँग ॲट्रिब्यूट, जो आपण इंजिनिअर लोक हमखास विसरतो. मोडीला जून २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये जागा मिळाली. पण जागा मिळणं वेगळं आणि वाचावंसं वाटेल असं अक्षर घडणं वेगळं. ते कुणीतरी शिकून, बसून काढावं लागतं.

मग गगनबावड्याच्या मुलांनी या वाटेला लागायचं कुठून? वाट आहे. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा आठवतात? संकल्पचित्र, स्मरणचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. आपण त्या दहावीत वाढीव मार्क मिळतात म्हणून दिल्या. पण बीएफएच्या प्रवेशासाठी राज्याची जी सीईटी असते, तिचे प्रात्यक्षिक पेपर बघा: संकल्पचित्र, वस्तुचित्र, स्मरणचित्र. तेच! खेड्यातल्या मुलाची आणि डिझाइन कॉलेजची पहिली गाठ चित्रकलेच्या तासालाच पडते.

आणि खरी काळजी इथेच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलाशिक्षकाची तरतूद आहे, पण ती अर्धवेळ, आणि सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर. वाड्यावस्त्यांत विखुरलेल्या डोंगरी तालुक्यात किती शाळा हा आकडा गाठतील? पवईच्या आयडीसीत बारावीनंतर जायचं तर यूसीड द्यावी लागते, तीही इंग्रजीत. म्हणजे ज्यांनी धुक्यात ब चा व झालेला रोज पाहिलाय, त्यांच्यापर्यंतच हा विषय पोचायला सगळ्यात जास्त अडथळे.

म्हणून काकांना सांगितलं, डिग्रीचा खर्च बघाच, पण त्याआधी कॉलेजचा स्टुडिओ बघा, तिथे मराठी अक्षर शिकवतात का ते विचारा. शिकवत असतील तर चार वर्षं वाया जाणार नाहीत. नुसतं सॉफ्टवेअर शिकवत असतील, तर ते खरंच घरबसल्या होतं.

असो. पुढच्या वेळी एसटी स्टँडवर उभे राहिलात तर पाट्यांकडे नीट बघा. कुठली अक्षरं लांबून वाचता येतात आणि कुठली नाही, ते मोजा. हा अभ्यास फुकट आहे.

चूभूद्याघ्या.