काळीतलं घर

माझे बाबा खामगावच्या कापूस बाजारात दलाल होते. मी त्याच गावात घर-प्लॉटची दलाली केली, 1981 पासून. धंद्याचं नाव एकच, पण लोक बाबांना ओसरीवर बसवून चहा द्यायचे आणि मला दारातच विचारायचे, "तुमचे किती?" हा फरक मला वर्षानुवर्षं सलत होता.

1870 साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. माल आणणारा शेतकरी आणि घेणारा व्यापारी एकमेकांना अनोळखी, म्हणून दोघांनाही ओळखणारा माणूस मध्ये लागे. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. त्या रुमालाखाली काय चाललंय ते शेतकऱ्याला दिसायचं नाही. 1897 मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला, दलालाला आणि मापाऱ्याला परवाना लागू लागला. बाबांचा मान असा परवान्यातून आणि उघड्या मापातून आला होता. घराच्या दलालाला तसं बांधून घ्यायला आणखी एकशेवीस वर्षं गेली.

आधी तर घराच्या दलालाची गरजही फार नव्हती. गावाचे दोनच भाग: राहायची पांढरी आणि पेरायची काळी. पांढरीत धाब्याची घरं. ती वाटणीत मिळायची, नाहीतर गहाणात जायची. विक्री झालीच तर खरेदीखतात पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण हे लिहिताना ते चारही बाजूंचे शेजारी समोर उभे असायचे. वेगळ्या चौकशीची गरज कोणाला वाटेल?

माझा धंदा जन्मला काळीत. मास्तर, एसटीचे ड्रायव्हर, बँकेतले कारकून नोकरीपायी तालुक्याच्या गावी आले, आणि गावाला लागून असलेल्या कापसाच्या वावरांत चुन्याच्या रेघा पडल्या. गुंठ्याचा भाव निघाला. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, 33 फूट लांब आणि तितकाच रुंद. खतावरच्या चार नावांपैकी एकालाही घेणारा ओळखत नसे. पुन्हा अनोळखी माणसं समोरासमोर आली, आणि पुन्हा मधला माणूस आला. परवाना मात्र या खेपेला नव्हता.

बाबा कापूस बघायला शिकवताना म्हणायचे, "वरचा कापूस पाहू नोको, हात अंदर घाल." मी ते जमिनीला लावलं. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वरची भिंत तडकते. गिऱ्हाईक दसरा-दिवाळीला येई तेव्हा वावर सपाट, हिरवं असे. मी म्हणायचो, मे महिन्यात या. मेमध्ये जमिनीच्या भेगांत मनगटापर्यंत हात जायचा. मग मुरूम किती खोल लागतो ते शेजारच्या विहिरीच्या कडेला बघायचं आणि पायाचा खर्च प्लॉटच्या किमतीतच धरायचा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडचं गिऱ्हाईक असलं तर आधी हापशाचं पाणी प्यायला लावायचो. तो पूर्णेचा खारपाणपट्टा आहे. तिथे बोअरला पाणी लागलं म्हणजे प्यायचं पाणी मिळालं असं नाही.

एवढं जाणूनही मी 1994 साली चुकलो. एका ड्रायव्हरला एक गुंठा मिळवून दिला. सातबारा सामाईक होता, एनए, म्हणजे बिगरशेती परवानगी, नव्हती, पैसे स्टॅम्पपेपरवरच्या करारावर दिले गेले. तुकडेबंदीचा कायदा 1947 चा आहे, मला तो माहीत होता. सगळेच असं करतात, म्हणून मीही केलं. त्याच्या नावाचा फेरफार झाला नाही. बँकेने कर्ज नाकारलं. दोन खोल्यांवर पत्रे टाकून तो राहिला, आणि मुलीच्या लग्नाला पैसे हवे तेव्हा ते घर गहाणही ठेवता येईना. 2001 मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, तेव्हा नियमितीकरणाच्या अर्जासाठी मी त्याच्याबरोबर कचेरीच्या पायऱ्या चढलो. दलाली तर मी आधीच परत केली होती. त्याने ती घेतली आणि मोजलीसुद्धा नाही.

त्यानंतर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला मी पहिल्या दिवशी घर दाखवणं बंद केलं. नवरा-बायको दोघांना बसवायचं. हातात किती आहेत, कर्ज किती, मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बाजूला काढलेत का, हे बोलायचं. मग पटवाऱ्याकडे जायचं (आमच्याकडे तलाठ्याला अजून पटवारीच म्हणतात), सातबारा नाहीतर मिळकत पत्रिका काढायची, एनएचा आदेश स्वतः वाचायचा, मालकीचा तीस वर्षांचा सर्च वकिलाकडून घ्यायचा. इसार त्याच्यानंतर. घर एकदा आवडलं की माणूस कागद नीट वाचत नाही, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. काही गिऱ्हाइकं कंटाळून दुसऱ्याकडे गेली. जाऊ दिली.

1 मे 2017 रोजी रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याखाली महारेरा प्राधिकरणाचं काम सुरू झालं. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी आली, तो विकणाऱ्या एजंटलाही आली. 2023 पासून एजंटला प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. माझा पुतण्या ती पास झाला, त्या दिवशी मी बाबांच्या फोटोला हार घातला. पण जुन्या घराची खरेदी-विक्री या कायद्यात येत नाही, आणि आमच्या गावांत निम्मं काम तेच असतं.

परवा पुतण्या एका मास्तरीणबाईंना पांढरीतलं धाब्याचं घर दाखवायला निघाला होता. कागद चोख होते, सर्चही झाला होता. मी म्हटलं, शेजारच्या आजींना भेटून ये. तो तासाभराने आला. उत्तरेची भिंत सामाईक आहे, आजींच्या सासऱ्याने अर्धा खर्च दिला होता, आणि त्यांच्या धाब्याचं पावसाचं पाणी त्याच भिंतीवरून या अंगणात उतरतं. कोणत्याच खतात ते नाही. मास्तरीणबाई आता आजींकडे बसल्या आहेत, आणि चतुःसीमेत नवी ओळ घालायची म्हणून पुतण्या खताचा मसुदा पुन्हा लिहितोय.