गदा दोनदा जालन्यात आली

२३ डिसेंबर २०१८, रविवार. जालन्याच्या आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीची सलामी झाली तेव्हा बसायला जागा उरली नव्हती आणि निकालाबद्दल शंका असलेली माणसंही फारशी उरली नव्हती. एका बाजूला पुण्याचा अभिजित कटके. आदल्या वर्षी भूगावात महाराष्ट्र केसरी झालेला, त्याच्याही आदल्या वर्षी वारज्यात विजय चौधरीशी अंतिम कुस्ती केलेला. म्हणजे सलग तिसऱ्यांदा तो या जागी उभा होता. दुसऱ्या बाजूला बुलढाण्याकडून उतरलेला बाला रफिक शेख, माती विभागातून वर आलेला. माझ्या शेजारी मंठ्याकडचे एक काका पागोटं मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "कटकेच. यात बघायचं काय?" मलाही तसंच वाटत होतं. कुस्ती संपली तेव्हा फलकावर ११-३ होतं आणि गदा बाला रफिकच्या खांद्यावर होती. काकांनी पागोटं डोक्यावर चढवलं आणि उभं राहून टाळ्या वाजवल्या.

कुस्तीचा षौकीन असा असतो. आधी छातीठोक सांगणार, मग चुकला तर उभा राहणार, आणि घरी जाताना पुन्हा नव्याने वाद घालणार. महाराष्ट्र केसरीचा इतिहास सांगायचा तर पैलवानांइतकाच तो या वाद घालणाऱ्यांचाही सांगावा लागतो, कारण "पहिला नंबर कुणाचा" या त्यांच्या वादातूनच या स्पर्धेची गरज निर्माण झाली.

पूर्वी या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. कुस्त्या व्हायच्या त्या जत्रेत, उरसात, संस्थानिकांच्या आश्रयाने. जोड लावायची पंच मंडळींनी. अमक्याची तमक्याशी जोड लागलीच नाही तर दोघांमध्ये थोर कोण हे पारावर बसून ठरवायचं. नावलौकिकावर इनाम ठरायचं, आणि नावलौकिक टिकवायचा म्हणून अवघड जोड टाळताही यायची. १९५३ साली मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली, तेव्हा बदललं ते हे. जिल्ह्यातून निवड, वजनगट, चिठ्ठ्या टाकून जोड्या. समोर कोण येईल ते पैलवानाच्या किंवा त्याच्या आश्रयदात्याच्या हातात राहिलं नाही.

अमेरिकेत विद्यापीठांचा फुटबॉल गावोगाव असाच वेड लावतो. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी एक लाखाहून जास्त माणूस बसतो. पण तिथे पहिला क्रमांक कुणाचा हे कित्येक दशकं पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतांवर ठरायचं. शंभराहून जास्त संघ, प्रत्येकाच्या वाट्याला डझनभर सामने, सगळे एकमेकांशी खेळणार कसे? म्हणून मतदान, आणि मतदान म्हणून वर्षभर भांडण. तिथे बाद फेरी आली ती थेट २०१४ मध्ये, तीही चारच संघांची. बारा संघांची व्हायला २०२४ उजाडलं. हे वाचलं की परिषदेच्या पहिल्या माणसांची दूरदृष्टी मला फार मोठी वाटते. १९६१ मध्येच त्यांनी खुल्या गटातल्या विजेत्याला किताब द्यायचं ठरवलं: महाराष्ट्र केसरी.

आणि तो पहिला किताब दिला गेला औरंगाबादेत. आम्हा जालनेकरांना ही गोष्ट जवळची आहे, कारण त्या वेळी जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ ला. परिषद स्थापन झाली त्या वर्षी तर आम्ही हैदराबाद राज्यात होतो. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि पुढच्याच वर्षी नव्या राज्याचा सर्वांत मोठा कुस्तीचा मान मराठवाड्याच्या भूमीवर ठरला. दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, ते सांगलीचे. गदा पश्चिमेकडे गेली आणि पुढची बरीच वर्षं तिची वाट तीच राहिली.

त्याला कारण होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमींना नुसता आश्रय दिला नव्हता, १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधून दिलं होतं. रोमचं गोल रंगमंडल त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तसाच उतरता गोल घेर, मधोमध हौदा, कुठेही बसलं तरी डाव दिसावा अशी रचना. आमच्याकडे असं बांधलेलं मैदान नाही. गावच्या जत्रेत शेत मोकळं करायचं, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लावून घेर करायचा, मागच्यांनी लिंबाच्या झाडावर चढायचं. आमची माती काळी. पाणी लागलं की चिकटते, वाळली की ढेकूळ. हौद्याला तांबडी, भुसभुशीत माती बाहेरून आणावी लागते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवावं लागतं. हा खर्च आणि ही मेहनत गावं वर्गणीतून करतात. आझाद मैदानावरही सगळं उभारलेलंच होतं, काही बांधलेलं नव्हतं. तरी माणसं रोज संध्याकाळी येत होती.

कोल्हापूरच्या तालमींत गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग ही नावं षौकीन देवळांसारखी घेतो. दादू चौगुले १९७० आणि ७१ चे केसरी. त्यांचा मुलगा विनोद चौगुले २००० चा. सलग दोनदा किताब घेणारे आणखीही होते, गणपत खेडकर, चंबा मुत्नाळ, लक्ष्मण वडार. तिसऱ्यांदा सलग कुणालाच जमत नव्हतं. २००७ ला औरंगाबादेत आणि २००८ ला सांगलीत जिंकलेल्या चंद्रहार पाटलांना जमेल असं वाटलं होतं, तेही राहिलं. मग २०११ ते १३ नरसिंग यादवने तीन केले, आणि लगेच २०१४ ते १६ विजय चौधरीने तीन केले. पन्नास वर्षं जे झालं नाही ते सहा वर्षांत दोघांनी केलं. यातला थोर कोण, हा वाद जालन्यातल्या चहाच्या टपरीवर मी अजून ऐकतो.

पण माझ्या मते खरा वाद पैलवानांचा नाही, वस्तादांचा आहे. तिथे मराठवाड्याचं माप कमी भरत नाही.

१९६९ ची स्पर्धा लातुरात होती आणि जिंकली ती लातूरच्याच हरिश्चंद्र बिराजदारांनी. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा माणूस पुढे हिंद केसरी झाला. सत्तरच्या दशकात दिल्लीच्या सतपालने महाराष्ट्राच्या भल्याभल्यांना अस्मान दाखवलं होतं. त्या सतपालला बिराजदारांनी १९७७ मध्ये बेळगावात हरवलं. जुनी माणसं ती कुस्ती काल पाहिल्यासारखी सांगतात. पण बिराजदारांचं मोठं काम त्यानंतरचं. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मुलं घडवली. त्यांतला एक काका पवार, लातूरकडचाच, ग्रीको-रोमनमध्ये देशासाठी खेळून अर्जुन पुरस्कार मिळवलेला. दुसरा बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. २०११ मध्ये बिराजदार गेल्यावर तो काका पवारांकडे राहिला आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला.

काका पवारांनी पुण्यात कात्रजला स्वतःची तालीम काढली. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली ती नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरची आणि लातूरच्या शैलेश शेळकेची. दोघेही काका पवारांचे पठ्ठे! एकाच आखाड्यात रोज एकमेकांना घासणारे. एकमेकांचा प्रत्येक डाव ठाऊक, म्हणून कुस्ती ३-२ अशी चिवट झाली. हर्षवर्धन जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा तेच: शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड, पुन्हा दोघेही त्याच तालमीचे. एका वस्तादाचं असं वर्चस्व मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. त्याच काळात खासबागच्या कोल्हापूरला विनोद चौगुलेंनंतर एकवीस वर्षं गदेची वाट पाहावी लागली. २०२२ मध्ये साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलने ५-४ ने कुस्ती जिंकली तेव्हा ती प्रतीक्षा संपली.

कोल्हापूरच्या लोकांना हे बोचतं आणि ते म्हणतात, पुण्याकडे गाद्या आहेत, गाड्या आहेत, खुराकाला पैसा आहे. खरं आहे. पण पुण्यात घासणारी पोरं लातूर, बीड, सोलापूर, परभणी, जालन्याची आहेत. बारा-तेरा वर्षांचा मुलगा पत्र्याची पेटी आणि तुपाचा डबा घेऊन जातो. बाप सोयाबीनच्या पैशातून महिन्याचा खुराक पाठवतो. बदाम, दूध, तूप यांचे भाव पाहिले तर दोन-चार एकरांच्या घराला हे किती जड जातं ते सांगायला नको. ज्या वर्षी पाऊस गेला त्या वर्षी पोरगं परत येतं. माझ्या माहितीतली अशी दोन परत आलेली मुलं आहेत. एक ट्रॅक्टर चालवतो. कान मोडलेले आहेत, मान अजून तशीच जाड आहे, आणि केसरीच्या आठवड्यात तो कुणाशी बोलत नाही.

जिल्हा म्हणजे नक्की काय, हाही षौकिनांचा जुना वाद. बाला रफिक शेख मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचा, खडकी गावचा. घडला कोल्हापुरात न्यू मोतीबाग तालमीत, गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली. पुढे पुण्यात हनुमान आखाड्यात. आणि अंगावर बुलढाण्याचं नाव. मग तो कुणाचा? त्या रात्री जालन्यात उत्तर सोपं होतं: बुलढाणा जिल्ह्यातलं देऊळगाव राजा आमच्यापासून तासाभराच्याही आत, बुलढाणा म्हणजे शेजार, म्हणून तो आमचा. त्याच्याआधी २००२ मध्ये जालन्यातच मुन्नालाल शेख केसरी झाले होते. त्यांचे भाऊ इस्माईल शेख १९८० चे, अप्पालाल शेख १९९२ चे. एका घरात तीन गदा, सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या घरात. गदा दोनदा जालन्यात आली आणि दोनदा परगावी गेली. आमची टाळी तरीही मनापासूनची होती.

जालन्याच्या त्या कुस्तीचं मोल मला पुढच्या वर्षांत जास्त कळलं. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम फेरीत भिडतात, आणि ती कुस्ती गादीवर होते. म्हणून मातीचा मल्ल आला की लोक म्हणतात, गादीवर टिकणार नाही. मातीत पाय रुततो, दम आणि ताकद लागते, चितपटीसाठी वाट पाहता येते; गादीवर पाय घसरतो, चपळाई लागते, गुण पटापट जातात. बाला रफिकने हा समज मोडला, आणि फलकच असा होता की पंचांकडे बोट दाखवायला जागा राहिली नाही.

नंतर तसं राहिलं नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय कुस्ती महासंघाने परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली, रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली राज्य कुस्तीगीर संघ पुढे आला. २०२३ च्या पुण्यातल्या स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या कुस्तीत एका बाहेरच्या टांगेला चार गुण दिले, त्यावर महाराष्ट्रभर आठवडाभर रण पेटलं. खांदा टेकला का, धोक्याची स्थिती होती का, ती चित्रफीत गावोगाव थांबवून थांबवून पाहिली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तर दोन महाराष्ट्र केसरी झाले: फुलगावात सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवलं, आणि थोड्याच दिवसांत धाराशिवला शिवराज राक्षे हर्षवर्धन सदगीरला हरवून केसरी झाला. पहिला नंबर कुणाचा, हा १९५३ च्या आधीचा प्रश्न सत्तर वर्षांनी पुन्हा पारावर आला. २०२५ मध्ये अहिल्यानगरला उपांत्य फेरीच्या निकालावरून राक्षेने पंचाला लाथ मारली आणि बंदी ओढवून घेतली. गदा पृथ्वीराज मोहोळने घेतली. दोनच महिन्यांत कर्जतला आणखी एक स्पर्धा झाली, तिथे वेताळ शेळके केसरी झाला.

मला या पैलवानांचा राग येत नाही, जीव तुटतो. दहा-बारा वर्षांची मेहनत सहा मिनिटांवर येते, त्यातही एका शिट्टीवर. पंच वादातीत हवेत, चित्रफितीवरून फेरतपासणी सर्वांना दिसेल अशी हवी, आणि स्पर्धा एकच हवी. मामासाहेबांच्या स्मरणार्थ मोहोळ कुटुंबीय चांदीची गदा देतात. एका वर्षात दोन विजेते झाले की त्या गदेचं वजन निम्मं होतं, चांदी तेवढीच असली तरी.

गणपतराव आंदळकर १९६० चे हिंद केसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक विजेते. १६ सप्टेंबर २०१८ ला ते गेले. तीन महिन्यांनी त्यांचा पठ्ठा आझाद मैदानावर गदा घेऊन उभा होता आणि त्याने तो विजय वस्तादांना वाहिला. मैदान रिकामं व्हायला बराच वेळ लागला. मंठ्याकडचे काका हौद्याजवळ गेले, वाकून चिमूटभर माती घेतली, कपाळाला लावली, आणि बाहेर पडता पडता मला म्हणाले, "कटके पुढच्या वर्षी येतो बघ."

जानेवारी २०२० च्या अंतिम कुस्तीत कटकेही नव्हता, बाला रफिकही नव्हता.