भगताची उमेदवारी

नाशिकहून दिंडोरी-वणी मागे टाकून बोरगावचा घाटमाथा गाठला, की पश्चिमेकडे उतरत जाणारा जो डोंगराळ मुलूख लागतो तो सुरगाण्याचा. नार-पार या नद्यांचा, हातगडाच्या पहाऱ्यातला, आणि पलीकडच्या अंगाने डांग व धरमपूर यांना इतका बिलगलेला, की तिथल्या पाड्यावरील माणसाच्या बोलीत मराठी कोठे संपते आणि गुजराती कोठे सुरू होते, हे सांगणे जमाबंदीच्या कारकुनाला कधीच साधले नाही. १९४८ साली मुंबई इलाख्यात विलीन होईपर्यंत येथे देशमुखांचे संस्थान होते. संस्थान लहान असले तरी दप्तर हे असायचेच, आणि अशा दप्तरांत जंगल, अबकारी, जकात, वेठ यांची नोंद जितक्या बारकाईने केली जाते तितक्याच निष्काळजीपणाने एक धंदा नोंदीबाहेर राहतो. ज्याच्यावाचून पाड्यावरचे एकही दुखणे, एकही बाळंतपण, एकही पेरणी निर्वेध पार पडत नसे, त्या भगताला कोणत्याही दरबाराने सनद दिलेली नव्हती, आणि त्याच्या शिक्षणाची तजवीज कोणत्याही खात्याने केलेली नव्हती. तरीही तो शिकत होता, शिकवला जात होता, आणि कोण शिकला व कोण शिकला नाही याचा निवाडाही होत होता.

या शिक्षणाकडे वळून पाहण्याचे निमित्त मात्र फार दूरचे आहे. मनाच्या आजारावर सायकेडेलिक द्रव्ये देऊन उपचार करण्याची एक पद्धती पश्चिमेत पुन्हा मूळ धरू लागली असून, तेथील विद्वानांपुढे आज पडलेला मोठा प्रश्न औषधाचा नसून माणसाचा आहे. अळंब्यांतून निघणारे सिलोसायबिन असो की प्रयोगशाळेत तयार झालेले एमडीएमए असो, ते दिल्यावर रोगी सहा-सहा, आठ-आठ तास स्वतःच्या अंतरंगात असा काही उतरतो, की त्या अवधीत त्याच्याजवळ बसणाऱ्याने काय बोलावे, कधी गप्प राहावे, हात धरावा की धरू नये, यावर उपचाराचे बरेवाईट अवलंबून असते. असा माणूस घडवायचा कसा, किती अवधीत, आणि त्याला परवाना द्यायचा कोणी?

एलएसडी हे या कुळातील बहुचर्चित द्रव्य स्वित्झर्लंडच्या आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली सिद्ध केले, आणि त्याचा मनावरचा परिणाम त्याला स्वतःलाच १९४३ च्या एप्रिलात कळला. सँडोझ कंपनीने १९४७ पासून ते 'डेलिसिड' या नावाने डॉक्टरांना पुरवले, तेव्हा सोबतच्या माहितीपत्रात मनोविकारतज्ज्ञांनी ते स्वतः घेऊन पाहावे, म्हणजे रोग्याच्या चित्तवृत्तीची कल्पना येईल, असेही सुचवलेले होते. त्या काळातील शिक्षण पुष्कळसे एवढेच! पुढे अमेरिकेत मेरीलँडसारख्या ठिकाणी रोग्याची आधी अनेक बैठकींतून तयारी करून घेणे, औषधाच्या दिवशी दोघांनी शेजारी बसणे, नंतर पुन्हा त्या अनुभवाचा अर्थ लावणे अशी शिस्त रुजली. परंतु तोवर हे द्रव्य रुग्णालयाच्या आवाराबाहेर पडून तरुणांच्या हाती गेले होते. १९६६ साली कंपनीने पुरवठा थांबवला, १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ती द्रव्ये निर्बंधाखाली आली, आणि आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने त्या दारावर कुलूप घातले, ते आजतागायत आहे. भारतात या घराण्याच्या शेजारचे म्हणून जे एकच द्रव्य डॉक्टरांच्या हाती कायदेशीरपणे राहिले ते केटामाइन, आणि तेही मुळात शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्याचे.

सुरगाण्यात असे कोणतेही द्रव्य नव्हते, आणि माझ्या मते या मुलखाचा इतिहास वाचण्याजोगा होतो तो नेमका यामुळेच. धोतरा कुंपणाकुंपणावर होता, मोहाची दारू घरोघर होती. पण कोकणा समाजाचा जो सर्वांत कठोर चित्तव्यापाराचा सोहळा, तो डोंगऱ्यादेव, त्यात मद्य निषिद्ध. मार्गशीर्षात पिके खळ्यावर आली, की ज्यांनी नवस बोललेला असतो ते घर सोडून व्रतस्थ होतात. त्यांना 'माऊल्या' म्हणतात. शेत नांगरणारा, मिशा राखलेला, चाळिशीतला बाप्याही त्या दिवसांत माऊलीच असतो. घरच्या बायकामुलांशी संसर्ग नाही, अंथरूण नाही, मांसाहार नाही, दिवसातून बेताचे जेवण, थंडीत उघड्यावर अंघोळ, आणि रात्र झाली की खळ्यावर पेटलेल्या शेकोटीभोवती रिंगण. सुक्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या जोडून केलेल्या पावरीचा सूर एकदा सुरू झाला, की तो तुटत नाही. वाजवणारा गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो आणि रिंगण त्या सुराच्या ओढीने फिरत राहते. उपास, जागरण, गारठा, एकसुरी वाद्य आणि एकसारखी पावले या पाच गोष्टींनी जे घडायचे ते घडते: एखाद्या माऊलीच्या पोटऱ्या थरथरू लागतात, मान मागे पडते, श्वास फुगतो, आणि 'वारं आलं' अशी कुजबूज रिंगणभर जाते.

हा क्षण जितका देवाचा तितकाच भगताचाही. तो रिंगणाच्या काठाशी असतो. बहुधा उभा, हातात चिमूटभर तांदूळ किंवा नागलीचे दाणे. वारं नवख्याच्या अंगात आलेले असेल, तर ते विस्तवाकडे धावेल, दगडावर डोके आपटेल, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो आधी पायाकडे पाहतो, चेहऱ्याकडे मागाहून. मग जवळ जाऊन वाऱ्याला नाव विचारतो, कोण आहेस, कोठल्या गडाचा आहेस, काय मागतोस. उत्तर आले तर संवाद चालू राहतो, न आले तर दाणे टाकून, पाणी शिंपडून, नावाने हाका मारून तो त्या माणसाला पुन्हा खळ्यावर आणून उभा करतो. सोहळ्याच्या अखेरीस सर्व माऊल्या रात्रीच्या रात्री डोंगरावरच्या देवाच्या गडाला जातात, आणि तेथून उतरल्यावर त्यांना पुन्हा घरात, संसारात, रोजच्या नावात परत घेतले जाते. पश्चिमेतील शिक्षणक्रमात तयारी, बैठक आणि नंतरची उकल असे जे तीन टप्पे आज शिकवले जातात, ते येथे व्रत, रिंगण आणि गडावरून परतणे या रूपाने कोणी अभ्यासक्रम न लिहिता सिद्ध होते.

हे करणारा भगत घडतो कसा? उमेदवारी हाच त्याचा मार्ग. मुलगा किंवा पुतण्या किंवा कधी सर्वस्वी परका पोर जुन्या भगताच्या मागे फिरू लागतो. कोणती मुळी कोणत्या दिवशी उकरायची, दाणे सुपात कसे पाडायचे आणि त्यांची जोड-विजोड कशी वाचायची, देवांची नावे कोणत्या क्रमाने घ्यायची, हे तो पाहत जातो. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करून, ती बोटांनी ओढीत निघणाऱ्या घुमाऱ्यावर थाळकरी रात्रभर कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, कथा लावतात, तेव्हा तो हुंकार देत बसतो. आणि असे हुंकार देता देता पृथ्वीच्या उत्पत्तीपासून आपल्या पाड्याच्या वेशीपर्यंतचा सगळा भूगोल त्याच्या कानात उतरतो. पण हे झाले पाठांतर. खरा धडा वेगळा. सामान्यतः भगत होणाऱ्याच्या अंगात कधीतरी स्वतःच वारं आलेले असते, आणि ते आधी त्याच्या ताब्यात नसते. भलत्या वेळी येते, शेतात येते, लोक त्याला वेडसर ठरवतात. गुरू त्याला शिकवतो ते हे वारं बोलावायला आणि परत पाठवायला. ज्याला ते परत पाठवता येत नाही तो आयुष्यभर झाड, म्हणजे वाऱ्याने धरलेला नुसता देह, राहतो, भगत होत नाही.

येथे मला एक गोष्ट मुद्दाम नोंदवावीशी वाटते. सँडोझच्या माहितीपत्राने डॉक्टरला 'स्वतः घेऊन पाहा' म्हटले, आणि आजच्या शिक्षणक्रमांतही, शिकणाऱ्याने त्या अवस्थेतून स्वतः गेले पाहिजे की नाही यावर वाद झडतो. सुरगाण्याच्या परंपरेने तो वाद मिटवला होता: गेलेच पाहिजे, पण गेल्याने पात्रता येत नाही, पात्रता परतण्याने येते. या भेदाकडे पश्चिमेतील उत्साही मंडळींचे प्रारंभी दुर्लक्ष झाले, आणि मेक्सिकोतील माझातेक जमातीची भगतीण मारिया साबिना हिच्याकडे १९५५ साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकन बँकर जाऊन अळंबी खाऊन आला व १९५७ साली त्याने ती हकिकत लाखो वाचकांच्या साप्ताहिकात छापली, तेव्हा त्या बाईच्या गावावर लोटलेल्या परदेशी तरुणांना अळंबी तेवढी हवी होती. तिची उमेदवारी कोणालाच नको होती.

तथापि परंपरेचे गोडवे गाण्याचा हा प्रसंग नव्हे. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेल्या कोळ्यांत देवीच्या रोगाच्या साथीतून उठलेली एक लाट घाट चढून या सर्व डोंगरी मुलखात पसरली आणि डांगातून सुरत जिल्ह्यात उतरली. सलाबाई देवी माणसांच्या अंगात येऊन बोलू लागली: दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज अंघोळ करा. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या लाटेवर एक सबंध ग्रंथ लिहिला आहे. तिची खरी नवलाई अशी, की देवी बोलण्यासाठी तिने वर्षानुवर्षांच्या उमेदवारीची अट घातली नाही. ज्याच्या अंगात आली तो बोलला. दारूच्या गुत्तेदाराच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या बुडालेल्या माणसाने एका रात्रीत गुत्त्याकडे पाठ फिरवली, हा परिणाम कोणत्याही रुग्णालयाने हेवा करावा असा. पण पुष्कळ ठिकाणी तो टिकला नाही, कारण वारं ओसरल्यावर त्या माणसाजवळ बसून राहणारे कोणी नव्हते. द्रव्य असो वा देवी, एका रात्रीच्या चमत्काराची ही उणीव सारखीच.

आणि दुसरी, अधिक काळी बाजू. जो भगत वाऱ्याला नाव विचारत असे, तोच दाण्यांवरून बाईचे नावही सांगत असे. पाड्यावर मूल दगावले, गुरे मेली, की डाकीण कोण याचा कौल त्याच्याकडे मागितला जाई, आणि त्याने उच्चारलेल्या नावाची बाई, बहुधा विधवा, बहुधा दोन बिघे जमिनीची मालकीण, झाडाला टांगली जाई किंवा गावाबाहेर हाकलली जाई. एकोणिसाव्या शतकातील खानदेश व डांगच्या इंग्रजी दप्तरांत अशा हकिकती आहेत. भगताच्या पात्रतेची परीक्षा गाव घेत असे हे खरे, वर्षानुवर्षे, डोळ्यांत तेल घालून. परंतु त्या गावात ती बाई मोजली जात नव्हती.

पश्चिमेतील नव्या उपचारपद्धतीला गावाच्या परीक्षेऐवजी घड्याळाचा आधार आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे हरिदास चौधरी या बंगाली तत्त्वज्ञाने १९६८ साली ज्या संस्थेची स्थापना केली, तिनेच २०१६ साली अशा उपचारकांसाठी पहिला विद्यापीठीय प्रमाणपत्र-वर्ग उघडला. ओरेगॉन राज्याने २०२० साली मतदानाने सिलोसायबिनची वाट मोकळी केली आणि सोबत बसणाऱ्यास १२० तासांचे शिक्षण व ४० तासांचा प्रत्यक्ष सराव ठरवून दिला. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना सिलोसायबिन व एमडीएमए देण्याची मुखत्यारी दिली. एकशे साठ तास म्हणजे दिवसरात्र मोजले तर सात दिवसही भरत नाहीत. एखादा दीर्घ डोंगऱ्यादेव त्याहून लांब चालतो. तासांची ही गणती हास्यास्पद आहे असे मी म्हणत नाही, कारण तिच्याबरोबर परवाना येतो, आणि परवाना रद्द करणारा कोणी असतो. तरीही कॅनडातील एमडीएमएच्या एका प्रयोगात औषधाच्या अमलाखालील रोगी स्त्रीशी उपचारकांचे वर्तन मर्यादा सोडून गेल्याचे उघड झालेच. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एमडीएमएच्या उपचाराला मंजुरी नाकारली, त्यापूर्वीच्या चर्चेत अशा वर्तनाचाही विषय निघाला होता. ज्याचे मन उघडे पडले आहे त्याच्यावर शेजारी बसलेल्याची सत्ता किती अनिर्बंध असते, हे खळ्यावर असो की मऊ गालिचाच्या खोलीत असो, सारखेच.

आज सुरगाण्याचा मनोरुग्ण उपचाराला निघाला तर नाशिक ९० किलोमीटरांवर, आणि मोठी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथे. भगत मात्र अजून पाड्यावर आहे, जरी त्याची उमेदवारी करायला पोरे राहिलेली नाहीत. ती आश्रमशाळेत असतात, नाहीतर द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत. मेळघाटात कोरकूंच्या भूमकांना, म्हणजे तेथील भगतांना, विश्वासात घेऊन, रोगी दवाखान्यात पाठवायला शिकवण्याचा उपक्रम सरकारने केला आहे, आणि तसा तो येथेही करता येईल. मात्र भगताला शिकवायला जाणाऱ्या डॉक्टराने, वारं आलेल्या माणसाच्या पायाकडे आधी का पाहायचे, हे त्याच्याकडून शिकून यावे. राहिली ती डाकीण ठरवली जाणारी बाई. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा आणला. त्यात अशा छळाला शिक्षा आहे, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणे हाही गुन्हा आहे, आणि दाद मागण्यासाठी दक्षता अधिकारी म्हणून पोलीस खात्यातील अंमलदार नेमण्याची तरतूद आहे. भगताचा कौल चुकला तर कोणाकडे जायचे, याचे उत्तर त्या मुलखात प्रथमच लेखी झाले. अधिकारी तालुक्याच्या गावी असतो. दूरच्या पाड्यावरून तिथवर यायचे, तर पावसाळ्यात मध्ये नार आडवी येते.