विजयदेवतेची वेदी

दुर्बल असतांना एखादा पंथ राज्यकर्त्यांपाशीं काय मागतो, आणि प्रबल झाल्यावर तोच पंथ इतरांस काय देतो, या दोन प्रश्नांचीं उत्तरें शेजारींशेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे त्याच्या इतिहासाचें मर्म पुष्कळसें हातीं लागतें. ख्रिस्ती धर्मानें रोमन साम्राज्य जिंकलें असें म्हणतात, व तें खोटें नाहीं. परंतु त्या विजयांत रोमनेंही ख्रिस्ती धर्मास कितपत जिंकलें, हें आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

प्राचीन रोमन माणसास धर्म ही केवळ अंतःकरणाची बाब वाटत नसे. देव प्रसन्न तर राज्य स्थिर, अशी त्याची श्रद्धा. म्हणून बलिदान व पूजाअर्चा हीं राज्यकारभाराचींच अंगें होतीं. परक्या देवतांस रोमचें दार अगदींच बंद नव्हतें. आशिया मायनरमधून सिबिली आली, ईजिप्तमधून आयसिस आली. अट इतकीच कीं, नव्या देवाच्या भक्तानें जुन्या देवांस झिडकारूं नये. ज्यू लोकांचा धर्म पूर्वापार चालत आलेला, म्हणून त्यांना या बाबतींत सवलत मिळे. ख्रिस्ती लोकांपाशीं तीही सबब नव्हती.

इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा अधिकारी प्लिनी यानें या लोकांचें काय करावें, असें ट्रेजन बादशहास विचारलें. आलेलें उत्तर मोठें मासलेवाईक आहे. त्यांना हुडकून काढूं नये, निनांवी तक्रारी घेऊं नयेत. मात्र आरोप शाबीत झाल्यास शिक्षा द्यावी, आणि जो आपल्या देवांची पूजा करील त्यास सोडून द्यावें. राज्यास त्यांच्या मतांपेक्षां त्यांच्या नकाराचें वैषम्य अधिक होतें, हें यावरून उघड दिसतें. पुढें डेशियस बादशहाच्या कारकीर्दींत, २५० च्या सुमारास, साऱ्या प्रजेनें देवांपुढें बलि अर्पण करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम सुटला. असे चाळिसांहून अधिक दाखले ईजिप्तच्या वाळूंत सांपडले आहेत.

छळाच्या या दीर्घ काळांतच ख्रिस्ती लेखकांनीं एक नवा विचार पुढें मांडला. कार्थेजच्या टर्टुलियननें २१२ च्या सुमारास आफ्रिकेच्या सुभेदारास बजावलें कीं, बळजबरीनें करविलेली पूजा हा धर्मच नव्हे. शंभर वर्षांनीं तो विचार खुद्द राज्यकर्त्यांच्या तोंडीं आला. डायोक्लीशियननें ३०३ सालीं सुरू केलेला छळ फसला. ३१३ सालीं मिलान येथें कॉन्स्टंटाइन व लिसिनियस यांचा करार झाला, आणि ज्यास जो धर्म रुचेल तो त्यानें पाळावा, असें जाहीर करण्यांत आलें. ही मोकळीक एकट्या ख्रिस्ती लोकांस नसून सर्वांस होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. ती सत्तर वर्षेंही टिकली नाहीं. ३८० सालीं थिओडोशियसनें एक विशिष्ट ख्रिस्ती मत हाच प्रजेचा धर्म ठरविला.

रोमच्या सेनेट सभागृहांत ऑगस्टसनें इ. स. पूर्वीं २९ सालीं विजयदेवतेची मूर्ति व वेदी बसविली होती. सभासद तिच्यापुढें धूप जाळून कामास लागत. ३८२ सालीं ग्रेशियन बादशहानें ती वेदी हलविली व वेस्टा देवीच्या कुमारिकांचीं वेतनें बंद केलीं. दोन वर्षांनीं रोमचा नगराधिकारी सिमॅकस यानें बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन यास अर्ज केला. एवढ्या गूढ तत्त्वाकडे जाणारा मार्ग एकच कसा असेल, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा. टर्टुलियनची याचना आतां जुन्या धर्माच्या तोंडीं आली! मिलानचा बिशप अँब्रोज यानें उलट लिहिलें कीं, वेदी परत बसविलीत तर चर्चमध्यें आपणांस धर्मगुरु भेटणार नाहीं. अर्ज फेटाळला गेला. अँब्रोजचा एक टोला मात्र वर्मीं बसणारा होता: आमचें रक्त सांडतांना ज्यांनीं दयामाया दाखविली नाहीं, ते आज आपल्या नुकसानीचें रडगाणें गातात.

त्याच वर्षीं मिलान येथें वक्तृत्वाचा अध्यापक म्हणून सिमॅकसनें एका तरुणाची निवड केली होती. त्याचें नांव ऑगस्टिन. अँब्रोजचीं प्रवचनें ऐकून तो ख्रिस्ती झाला. पाखंडी ठरलेल्या डोनाटिस्ट पंथावर सक्ती करूं नये, असें त्याचें प्रथम मत होतें. परंतु ४०८ च्या सुमारास सरकारी दडपणाचा उपयोग होतो असें पाहून त्यानें सक्तीचें समर्थन केलें. तत्पूर्वीं, ३८५ च्या सुमारास, ट्रीर येथें प्रिसिलियन या ख्रिस्ती बिशपास जादूटोण्याच्या आरोपावरून मृत्युदंड झाला. फिर्यादी होते दुसरे ख्रिस्ती बिशप. तूरचा बिशप मार्टिन यानें याचा धिक्कार केला, हें त्याचें भूषण होय.

मग रोमांत बदललें तरी काय? देव बदलले, परंतु राज्याच्या क्षेमासाठीं सर्वांची उपासना एक हवी, ही जुनी रोमन समजूत नव्या पोषाखांत तशीच राहिली. तरीही एक गोष्ट खरोखर नवी होती. ३९० सालीं थेसालोनिका येथें बादशहाच्या सैनिकांनीं नागरिकांची कत्तल केली, तेव्हां अँब्रोजनें थिओडोशियसला प्रायश्चित्त घ्यावयास लावलें. ज्या साम्राज्यांत सम्राटांनाच देवपद देत, तेथें राजाहून वरिष्ठ असा न्याय आहे, हें सर्वांसमक्ष सिद्ध झालें. पण दुसऱ्याच वर्षीं त्याच थिओडोशियसनें जुन्या देवांचे बलि कायद्यानें बंद केले.

राजास नमविणारी आणि प्रजेस दडपणारी, अशा या दोन्ही शक्ति एकाच पंथाच्या ठायीं एकाच वेळीं नांदत होत्या. त्यांतल्या एकीची स्तुति करून दुसरीकडे डोळेझांक करणें हें इतिहासकाराचें काम नव्हे. सहिष्णुतेची मागणी दुर्बलांनीं करावी यांत नवल नाहीं. तिचें खरें मोल सत्ता हातीं आल्यावरच कळतें. आणि त्या कसोटीस सिमॅकसचे पूर्वज उतरले नाहींत, तसे अँब्रोजचे अनुयायीही उतरले नाहींत.